संपर्क तुटलेले : ११

परीक्षक क्रमांक दोन नम्रपणे लिहितात :
अकरा रुग्णांचं पुढे काय झालं, याचा लेखकांनी खुलासा करावा.

एकशे अडतीस छात्या उघडल्या आम्ही,
म्हणजे डॉक्टर रय्यांनी; मी फक्त रकाने भरते.
आकसलेली झडप काढली, धातूची बसवली,
मग पाच वर्षं मोजत राहिलो.
आलेख देखणा आलाय, जिन्यासारखा उतरतो,
एकेका मरणाला एकेक पायरी.
हे अकरा पायरीवर नाहीत, कठड्याला धरूनही नाहीत.
तक्ता दोन, तळाची ओळ.

मुदत रविवारची. आज शुक्रवार.
रुवीतल्या रिकाम्या मजल्यावर मी शाल पांघरून बसलेय,
काचेपलीकडे शेहेचाळीस अंश,
आणि फाइलीतले पत्ते सगळे असेच :
कामगार वसाहत, खोली नऊ, वरचा पलंग.
ओझं उचलू नये, असं आम्हीच लिहून दिलं होतं सुटीच्या कागदावर.
कंपनीने ते वाचलं. सहा महिन्यांत व्हिसा रद्द.

इथले नंबर आता दुसऱ्यांचे झालेत.
एकावर अत्तराचं दुकान लागलं.
सिल्हेटचा वाजत राहिला, वाजत राहिला.
रुग्ण ३१ : भावाने उचलला. तो दुबईला गेला, म्हणाला.
रक्ताची तपासणी करतो का, विचारलं तर फोन ठेवला.
(जिवंत धरायचं का? रय्यांना विचारणे.)
रुग्ण ११२ : गोळी एक दिवसाआड घेतो, महाग पडते. ट्रॅक्टर चालवतो.
रुग्ण ८८ : पोखऱ्याहून मुलगी बोलली. बाबा माघात गेले.
कशाने? थंडीने, म्हणाली.
मी 'कारण अज्ञात' लिहिलं आणि पाणी प्यायला उठले.

रुग्ण ४७, बाणकोट.
मत्र्याच्या बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा.
कोण? मस्कतहून? दवाखाना?
बिल राहिलंय की काय माझं?
नाही हो. तब्येत विचारायची होती.
पाच वर्षांनी?
मग मराठी ऐकून सैल झाला. जुम्म्याहून आत्ताच आलोय, म्हणाला,
रक्त तपासायला मंडणगड गाठावं लागतं, जातो कधीमधी,
रात्री टिकटिक वाजते, आधी बायको घड्याळ शोधायची,
आता मी कुशीवर वळलो आणि आवाज दबला, तर हलवून उठवते.
थांब, ऐकवतो.

आणि फोन छातीवर धरला असावा.
सदऱ्याची खसखस. कोंबडा. खाडीतून फेरीबोटीचा भोंगा.
पाच वर्षं त्या झडपेचा नंबर मला पाठ,
आवाज कधी ऐकला नव्हता.
तेव्हाही नाही. एकसारखा आवाज हे फोन गाळून टाकतात.
आला का?
आला, म्हटलं. स्पष्ट येतोय.
त्या आख्ख्या लेखातलं माझं एवढंच खोटं,
आणि ते लेखात नाही.

छापणार म्हणता, तर नाव येईल माझं?
नाही, नुसता क्रमांक.
बरंच आहे. नाव आलं तर परत व्हिसा कोण देईल?

अकराचे आठ झाले. आठ टक्क्यांचे पाच पूर्णांक आठ.
परीक्षक क्रमांक दोन समाधानी. लेख आला नोव्हेंबरात,
शेवटी बारीक अक्षरात आभार, त्यात माझं आडनाव,
एक वेलांटी चुकावी तसं एक अक्षर चुकलेलं.

त्यानंतर दर शुक्रवारी, इथे साडेबारा वाजले की,
बाणकोटहून मिस्ड कॉल येतो. एक रिंग.
मी उचलत नाही. त्याचे पैसे जायला नकोत, असं ठरलंय.
ही नोंद कुठे करायची, मला माहीत नाही;
अभ्यास बंद झालाय, तक्ता कुलूपबंद.

आज दोन रिंग आल्या.
दोन म्हणजे काय, ते ठरलेलं नव्हतं.