चौथं अंडं

बुदी तळ्यावरून वारा सुटला
की बाकीच्यांच्या कोंबड्या शेपटीवर फिरतात, गलबतासारख्या.
उबेर्लिंदा मावशीच्या नाही फिरत.
त्यांना शेपटीच नाही.
पाठीचा कणा जिथं संपायला हवा
त्याच्या थोडा आधीच संपलेला,
सांगणाऱ्यानं वाक्य अर्धवट सोडून
चुलीवरच्या किटलीकडे बघावं तसा.

मावशी त्यांना कोल्योंका म्हणते.
आणि ज्यांच्या कानांखालून पिसांचे झुबके निघतात
त्या केत्रो.
वेन्चुलेओंच्या अंगणात ही नावं आधीपासून होती.
जनुक हा शब्द मी तेमुकोहून आणला,
दोन वर्षांची फी भरून.

चैत्र-वैशाख आमच्याकडे नसतात, पण
रवणीवर बसायचे दिवस असतात. त्या दिवसांत
सान्तियागोहून एव्हारिस्तो नावाचा गृहस्थ आला,
स्वच्छ बुटांचा.
त्याला दोन्ही बाजूंना सारखे झुबके हवेत,
प्रदर्शनासाठी. दाम दुप्पट.
मावशीनं त्याला माते पाजला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.
हो मी म्हणाले.

झुबक्याचा कोंबडा, झुबक्याच्या कोंबड्या.
वहीत चार घरं आखली:
दोन घरांत एकेकडून आलेला झुबका,
एक घर सपाट गालांचं,
आणि एक, जिथं आईकडूनही तेच येतं नि बापाकडूनही.
ते घर मास्तरांनी फळ्यावर खडूनं भरून टाकलं होतं.
का, ते विचारायच्या आत तास संपला.

अठराव्या रात्री
मी मोबाईलचा दिवा एकेका अंड्यामागं धरला.
निळ्या कवचातून उजेड हिरवा होऊन येतो,
शेवाळलेल्या विहिरीत वाकून बघावं तसा.
सोळा अंडी. आत हलतं, हलतं, हलतं,
हलत नाही.
चौथं म्हणजे मोजून चौथं नव्हे.
पहिली सहा ठीक होती. मग ओळीनं दोन गेलेली.
पाच एकूण. वहीत चार होती.

एक फोडलं मी. फोडायला नको होतं.
सगळं होतं त्याला. नखं, पापण्या,
चोचीच्या टोकावरचा तो पांढरा कण
ज्यानं भिंत फोडायची असते.
कानांपाशी ओलं, चिकटलेलं काहीतरी, दोन्हीकडे.
अगदी एव्हारिस्तोला हवं तसं.

कवचाचा तुकडा हातात राहिला.
तपकिरी अंड्याचा रंग बाहेरून दिलेला असतो,
शेवटच्या काही तासांत; ओलं असताना पुसता येतो.
हा निळा आतपर्यंत निळा.
वर्गात सांगितलं होतं, फार पूर्वी
एक विषाणू कुठल्याशा कोंबडीत शिरला
आणि परत गेलाच नाही.
लेकींच्या लेकींत राहतो, निळी अंडी देतो.
भाडं म्हणायचं की आहेर, कोण ठरवणार.

मावशीनं विचारलं नाही काही.
दुसऱ्या संध्याकाळी तिनं माझा ऐटबाज कोंबडा
पंखांत धरून कुंपणापलीकडे ठेवला
आणि एक साधा आणला, सपाट गालांचा,
निळ्या अंड्यातून निघालेला.
तो स्वतः कधी अंडं घालायचा नाही.
आडात आहे पण त्याच्या पोहऱ्यात यायचं नाही;
यायचं ते लेकींच्या.

"अर्धी पिल्लं बिनझुबक्याची निघतील," मी म्हटलं.
"तुझ्या तरी कुठं आहेत," ती म्हणाली,
आणि माझा कान जरा जोरातच ओढला.

एव्हारिस्तो पुढं एक कोंबडी घेऊन गेला,
डावा झुबका मोठा, उजवा नावाला.
पैसे कमी दिले. ते साहजिक होतं.

नव्या खेपेला बारा अंडी बसवली.
एकविसाव्या दिवशी चोची वाजल्या.
अकरा निघाली, काही गालफुगी, काही गोटा,
सगळी ओली, सगळी कुरकुरणारी.
बाराव्याला मी दिवा लावला:
आत काहीच नव्हतं. धरलंच नव्हतं ते.
मावशीनं ते उचलून डुकराच्या कुंडीत टाकलं.
त्याच्यासाठी माझ्या वहीत
घरच नव्हतं.