सुपडू तायडेंचं तिकीट

शेंदुर्णीला गाडी पाणी प्यायली.
टोपीवाली पोरं धुराचे फोटो काढत होती.
सुपडू तायडे खिडकीत, मुठीत तिकीट,
आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतलेलं.

एकोणतीस वर्षं याच रुळांवर,
पण डोळे भट्टीत.
फावडं, कोळसा, फावडं.
घाम पुसायलाही वर बघितलं नाही.

नातीनं उजवीकडे बोट केलं:
अजिंठ्याची रांग, निळसर,
एका कड्यावर ऊन, बाकी सावली.
ते बघतच राहिले.
"हे इतकं जवळ व्हतं?"
कुणी उत्तर दिलं नाही,
बोरं विकणारी बाई तेवढी हसली.

पहूरच्या अलीकडे इंजिन धापा टाकू लागलं.
"आता मांगीन ती," म्हणाले,
"दोन फावडी, जास्त नको."
डोंगरावरची नजर न काढता
त्यांचा हात बाकाखाली गेला,
चाचपडला,
नातीच्या चपलेवर थांबला.