मार्ग ब

पत्र फेब्रुवारीत आलं, वीज कंपनीचं,
गुळगुळीत कागद, माझ्या नावात एक अक्षर कमी.
सोबत नकाशा. नकाशात तीन रेघा:
अ निळी, ब लाल, क तुटक हिरवी.
लाल रेघ आमच्या ओढ्यापाशी उगाच वळते
आणि कोठाराच्या छपरावरून निघून जाते,
फोनवर बोलता बोलता कुणी
पेन्सिल फिरवत बसावं, तशी.

"अंतिम निर्णय झालेला नाही."
हे वाक्य पत्रात चार वेळा आहे. मी मोजलं.

मी वर्ना टोलेफ्सन, वय एकाहत्तर,
शेळ्या चौदा, धड गुडघा एक.
विस्कॉन्सिनच्या या घळीत सकाळी धुकं
दूध काढून होईपर्यंत हलत नाही.
इथे दीडशे फुटी मनोरे कसे दिसतील
ते मला एका तरुण मुलाने चित्रात दाखवलं.
चित्रात आकाश निळंशार होतं आणि माझं घर नव्हतं.
"ते सोयीसाठी काढलंय," तो म्हणाला. कोल्बी त्याचं नाव.
विहिरीचं पाणी दोन पेले प्यायला,
आभार मानले, आणि कुंपणापलीकडे
गुलाबी फीत बांधलेल्या खुंट्या ठोकत गेला.

ऑर्लिन असता तर बंदूक घेऊन गेला नसता,
कॉफी घेऊन गेला असता,
आणि घळीतल्या चुनखडीबद्दल इतकं बोलला असता
की कंपनीनेच रस्ता बदलला असता.
तो चर्चमागे आहे, लाल रेघेच्या बाहेर.
त्याचं बरं आहे.

सुनावणी एप्रिलमध्ये होती. मग सप्टेंबरमध्ये.
आता मार्च म्हणतात.
पत्रेवाला दर महिन्याला विचारतो, छप्पर करायचं का?
मी म्हणते, थांब जरा.
तेवढ्यात पाणी शिकलं कुठून गळायचं,
आणि मी शिकले बादली कुठे ठेवायची.

रात्री तारांची गुणगुण ऐकू येते,
अजून न ओढलेल्या तारांची.
उठून, अंगावर शाल घेऊन, कानोसा घेत घरभर फिरते.
तळघरातला फ्रीझर असतो.

आणि अर्व्हिला.
ओढ्यापलीकडची, निळ्या रेघेखालची.
ब नको म्हटलं की अ होतं,
इतकं गणित मलाही येतं, तिलाही.
रविवारी आम्ही एकाच बाकावर मान खाली घालून बसतो
आणि मागणं ओठांशी येऊन थांबतं,
कारण त्याचं दुसरं टोक तिच्या गोठ्यात आहे.
क कुणाकडून जाते ते आम्ही पाहिलेलं नाही.
पाहायचं नाही, असं ठरवलेलंही नाही.
जूनमध्ये ती रूबार्बची जुडी ठेवून गेली, पायरीवर,
दार न वाजवता.
मी चीज ठेवून आले, तसंच.

दिवा तर मीही लावते. हे लिहितेय तेही दिव्याखालीच.
वीज कुठून तरी येते, कुणाच्या तरी अंगणावरून,
हे एकाहत्तर वर्षांत मनात आलं नव्हतं.

या वर्षभरात मी प्रत्येक गोष्ट दिवसांत मोजते.
मुळा: तीस दिवस, बिनघोर.
कोंबडीची पिल्लं: चालतील.
सफरचंदाचं कलम: सहा वर्षं. कॅटलॉग मिटवला.
लसूण मधोमध येतो. ऑक्टोबरात लावायचा,
बर्फाखाली झोपवायचा, जुलैत उपटायचा.
आणि मार्च त्याच्या बरोब्बर पोटात.

काल तासभर पाकळ्या हातात घेऊन
ओट्यावर बसून राहिले.
मग बोकडाने एक पाकळी खाल्ली, आणि मी चिडले,
आणि चिडल्यामुळे उठले.

वाफ्याच्या एका टोकाला काठी रोवली.
दुसऱ्या टोकाला कोल्बीची खुंटी होतीच.
दोरी तिलाच बांधली, गुलाबी फितीच्या खाली,
आणि ओणवी होऊन लावत गेले,
चार बोटांवर एक, टोक वर.

खुंटी पक्की रोवलेली होती.
ओळ सरळ आली.