सात मिनिटं

तोर्शहाव्नच्या बंदरावर, मासळीच्या जुन्या गोदामाच्या माडीवर
आमचं ऑफिस: तीन खुर्च्या, एक हीटर,
आणि खिडकीत धुकं, ज्याला इथे कुणी पाहुणा समजत नाही.
बेटांमधून फिरणाऱ्या बोटींचं वेळापत्रक
आमच्या कोडमधून निघतं, धक्क्यांवरच्या पाट्यांवर उमटतं.

हानुस निवृत्त झाला तेव्हा
किल्ल्या दिल्या, टवका उडालेला मग दिला,
आणि म्हणाला, 'आधी स्टेटस विचार. रोज.
घरात शिरताना हाक मारतो ना आपण, तसं.
काय हललंय, काय उघडं पडलंय ते ऐक,
मगच हात लाव.'
मी मान हलवली.
तो मेंढ्या बघायला सांडॉयला निघून गेला.

मार्चमधल्या एका मंगळवारी ती ओळ सापडली:
बेट स्कूवॉय असेल, वार गुरुवार असेल, फेरी दुपारची असेल,
तर सात मिनिटं थांब.
का, ते नाही. ना टीप, ना खूण.
भर भिंतीत एक रिकामा खिळा.
मी शहाणी. वेगळी ब्रँच काढली,
ओळ उडवली. डिफमध्ये ती लाल झाली,
वजाचं चिन्ह कपाळावर घेऊन.
ॲड. कमिट. संदेश लिहिला: 'साफसफाई'.
मर्ज. पुश.
कॉफी अजून गरम होती.

गुरुवारी तीनच्या सुमाराला फोन.
बिर्ना, स्कूवॉयला जाणारी नर्स:
'बोट गेली. नवा कप्तान पाटी बघून दोर सोडतो.
माझ्या पिशवीत अकरा जणांचं रक्त आहे.
इतकी वर्षं थांबते ती! थांबते म्हणून तर
शेवटच्या घरात मी चहाला बसते.'

लॉग तेव्हा उघडला. आधी उघडायचा असतो.
खाली खाली उतरत गेले:
'नाताळच्या फेऱ्या', 'पुन्हा नाताळ',
'हे तात्पुरतं, उद्या काढतो' (ते अजून आहे),
आणि बारा वर्षं खाली, पहाटे चारची नोंद:
'मालान पायऱ्यांवर आहे.'
एवढंच.

हानुसला फोन लावला. मागे मेंढ्यांचा कालवा.
'मालान? नव्वदीची. गुरुवारी बहिणीकडे जायची.
धक्क्याला बेचाळीस पायऱ्या. कप्तान थांबायचा,
आणि पाटी ओरडायची, उशीर, उशीर.
म्हणून पाटीलाच चार शब्द शिकवले.'
'आता कुठे असते ती?'
'सहा वर्षं झाली,' म्हणाला,
आणि कुत्र्यावर खेकसला.

म्हणजे गेलेल्या बाईला लागणाऱ्या धापेत
एक नर्स चहा पीत होती,
कुणी टपालाची पिशवी शिवत होतं,
आणि ही सवड कुणाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

रिसेट मारून पुसता आलं असतं,
जणू तो मंगळवार उगवलाच नाही.
पण एकदा पुश झालेलं
दुसऱ्यांच्या घरी राहायला गेलेलं असतं.
रिव्हर्ट केलं. म्हणजे मागे नाही गेले,
उलटं पाऊल टाकत पुढेच गेले.
'साफसफाई' तिथेच राहिली, तारखेसकट.
गंमत अशी, त्या ओळीला आता ब्लेम लावलं
तर हानुस दिसत नाही. मी दिसते. दुरिता.
यंत्राने आपला ठरीव संदेश भरला,
त्याखाली मी जोडलं:
'पायऱ्या अजून बेचाळीसच आहेत.'

पुश. नकार.
मधल्या वेळात तिसऱ्या खुर्चीतल्या टुम्मसने
पाटीवरच्या 'धुक्यामुळे'चं शुद्धलेखन सुधारलं होतं.
आधी पुल, मग पुश.

सोमवारी बिर्ना पुन्हा ती घरं चढणार,
अकरा दंडांत पुन्हा सुई.
मी कळवलंय, बरोबर येते,
पिशवी मी धरते.
तिचं उत्तर अजून नाही.