नर कोनता, मादी कोनती

दुपारी चारनंतर बाया शेडनेटमध्ये शिरतात,
चपला बाहेर, हात साबणानं धुतलेले.
उद्या उमलणारी कळी आजच ओळखायची,
चिमट्यानं तिच्या पोटातला पिवळा दांडा उपसायचा,
मधली हिरवी सुई तेवढी ठेवायची.
मी मोबाइलमध्ये भरतो :
प्लॉट सतरा, शेवंता इंगळे, कळ्या सहाशे चाळीस.
फोटोवर जागा आपोआप उमटते, अंश, कला, विकला.
गावाचं नाव उमटत नाही.

टमाट्याच्या या वाणालाही नाव नाही, नंबर आहे.
नराचं बी सीलबंद येतं, तीनशे दाणे मोजून,
जे उगवलं नाही त्याचाही हिशेब द्यावा लागतो.
हे बी शेवटी कोणत्या देशात जातं,
सहा वर्षांत मी एकदाच विचारलं.
साहेब म्हणाले, ते तुझ्या लेव्हलचं नाही.

मेल रात्री अडीचला आली. तिकडे दिवस होता.
दोन कंपन्या मिळून आता एक,
आपण सारे एकाच कुटुंबात.
आठवड्यानं कुरिअरनं निळे टी-शर्ट आले,
सगळे एकाच मापाचे, माझ्यात अजून एक जण मावेल असे.
जुना हिरवा कोणी परत मागितला नाही.
तो शेवंताबाईनं नेला, लुगड्यावर घालायला,
पानं टोचतात म्हणून.

लेबलं बदलायची होती, सांगणं भाग होतं.
म्हटलं, कंपनीनं कंपनीशी लगीन लावलं,
आडनाव बदललं, बाकी काही नाही.
चिमटे थांबले नाहीत.
शेवंताबाई मान वर न करता म्हणाली,
"मंग त्यात नर कोनता, मादी कोनती?"
अख्खं शेडनेट हसलं. मीही.
"सोपं हाये," पलीकडच्या ओळीतून कौतिकाबाई,
"जिच्या पोटातलं पिवळं काढून घेतलं, ते मादी."

बाया हसतच राहिल्या.
मला तालुक्याचं ऑफिस दिसलं,
सात टेबलं, त्यातली चार पुसलेली.
नंदूभाऊ ढाकणे, अकरा वर्षं,
चाळीस गावांतल्या विहिरींची खोली तोंडपाठ.
त्यांना व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं दिली होती.
तेराव्या मिनिटाला नेट गेलं.
उरलेली सात कोणी परत दिली नाहीत.

सकाळी बाया बोटात अंगठी घालतात,
तिच्या खाचेत नराची पिवळी भुकटी.
एकेका फुलाचं तोंड त्यात बुडवायचं,
मग फुलामागची दोन हिरवी पानं कात्रीनं कापायची,
ही खूण, की याचं झालं.
माझी कोणती दोन पानं कापली असतील
हे मी आरशात कधी पाहिलं नाही.
पगार एक तारखेलाच येतो. वेळेवर. खोटं कशाला बोलू.
घरावर स्लॅब पडला तो याच पैशांत.

बी धुतल्यावर उरलेला गर खड्ड्यात पुरायचा,
चुकून कुठे उगवलंच तर उपटायचं, फोटो टाकायचा.
असा नियम आहे, इंग्रजीत, पान नऊवर.
शेवंताबाईच्या न्हाणीच्या पाटाला तीन रोपं आली.
एकाचं टमाटं चपटं, एकाचं लांबुळकं,
तिसरं नुसतंच वाढत सुटलेलं, फळाचा पत्ता नाही.
"एका मायचे," ती म्हणाली,
"पन याचं तोंड त्याले नाई. आमच्या घरावानी."

मी मोबाइल काढला. चौकट धरली.
पाटाचं पाणी, तीन रोपं, तिचे पाय.
अंश, कला, विकला.
तिनं चपटं तोडलं,
छातीवरच्या जुन्या कंपनीला पुसलं
आणि माझ्यापुढे धरलं.
मीठ नव्हतं. तसंच खाल्लं.
आंबट होतं, बियांनी गच्च भरलेलं,
रस मनगटावरून निळ्या बाहीत गेला.

फोटो पाठवला की नाही,
ते तुमच्या लेव्हलचं नाही.