रिकामा फिल्टर

केमियार्वीत उणे एकतीस.
ट्रक माझा, बिलही माझंच,
तरी मला कुणी विचारलं नाही.
हीटरपाशी उलट्या क्रेटवर बसून
मी दुसरी कॉफी निवू देत होतो.

जुनं तेल केव्हाच ट्रेमध्ये उतरलं होतं,
चार महिन्यांचं जंगल त्यात, काळं, मुकाट.
आर्मासने नवा फिल्टर उजेडाकडे धरला,
आत डोकावला, एक फुंकर घातली
आणि कॅनची तोटी मधल्या भोकावर टेकवली.

"नको," साइला गाडीखालून म्हणाली.
बघितलंही नव्हतं तिने. नुसत्या चाहुलीवर.

मग सुरू झालं, दर हिवाळ्यात होतं म्हणे.
आर्मासचं म्हणणं, रिकामा फिल्टर म्हणजे
पहिले तीन सेकंद धातूवर धातू.
या थंडीत तेल कुठलं वाहतंय, काकवी झालेली असते,
उठायला वेळ घेते, माझ्यासारखी.
साइलाचं, बेअरिंगवर जुन्या तेलाची साय असतेच,
तेवढ्या वेळाला ती पुरते.
पण मधलं भोक ही गाळून झालेल्या तेलाची वाट.
तिथून ओतलंस, की कॅनच्या तोंडावरचा कण न कण
न गाळता थेट काळजात.

"मग बाजूच्या भोकांतून भरतो."
"भर. आणि रात्र इथेच काढ."
"चाळीस वर्षं भरतोय. एक इंजिन गेलं नाही."
"न भरताही गेलं नसतं, काका."

मी गप्प.
माझ्या खिशात फोन, फोनमध्ये तौनो,
धाकटा. नऊ वर्षं न लावलेला नंबर.
एका होडीवरून झालं होतं आमचं. ती होडी
अजून तळ्याकाठी पालथी आहे, बुडाला भोक घेऊन.
सकाळी ओंडक्यांवर साखळ्या आवळताना
मी वाक्यं भरून ठेवत होतो,
आधी थंडीचं, मग आईच्या घराच्या छपराचं,
मग सहज निघाल्यासारखं ते दुसरं.
काठोकाठ.
आणि आता ही पोरगी सांगते,
आधीच भरलेलं गाळलेलं नसतं.

बरं, रिकामंच जावं
तर ते तीन सेकंद आहेतच,
त्याने "हॅलो" म्हटल्यानंतरचे.

आर्मासचा हात हलला.
तेलाची एक तार मनगटावरून कोपरापर्यंत गेली.
त्याने ती पाहिली, जरा जास्तच वेळ पाहिली,
आणि फिल्टर बाकावर ठेवून दिला.
रबराच्या कडेला मात्र बोटाने तेल त्यानेच चोळलं,
तेवढ्यावर कुणाचाच वाद नव्हता.
साइलाने रिकामाच बसवला,
हाताने टेकेपर्यंत, वर पाऊण फेरी.
इंजिनात वरून नवं तेल ओतलं.
मग इंधनाचा प्लग ओढून काढला, मला केबिनमध्ये चढवलं,
"किल्ली फिरव. सुरू होणार नाही. व्हायलाही नको."

इंजिन आळस दिल्यासारखं नुसतं फिरत राहिलं,
पेटलं नाही.
लाल दिवा.
लाल दिवा.
तीन नव्हते. मी मोजले. अकरा.
मग दिवा असा विझला, जसं कुणी
मान्य करून टाकावं एखादं जुनं काही.

"म्हणजे शेवटी भरलाच," आर्मास खालून.
"इंजिनाने भरला."
"तेच म्हणतोय मी."
"तेच नाही."
प्लग जोडला. पहिल्याच फटक्याला धूर, घरघर,
बाकावरचे नट थरथरले.

बिलात शेवटची ओळ आर्मासच्या अक्षरात होती,
सांडलेलं तेल, अर्धी वाटी, माझ्याकडून.

फाट्यापाशी ट्रक बाजूला घेतला, चालूच ठेवला.
काच आतून धुरकटली होती.
नंबर दाबला.
सकाळची सगळी वाक्यं आठवत होती,
त्यातलं एकही जवळ घेतलं नाही.
रिंग जात होती.
मी मोजत होतो.
सहा. सात.