पंधरा मिनिटं पुढे

सालोमी, तुझं घड्याळ माझ्याकडे आलंय.
भाच्यानं आणून दिलं, रुमालात बांधून,
सोबत तुझा चष्मा आणि फोन नंबरांची फुगलेली डायरी.
बिघडलंय म्हणाला, पंधरा मिनिटं पुढे पळतं.
मी गप्प राहिले.
ती भक्तपूरची वेळ आहे, हे त्याला काय सांगू?
नाना पेठेतल्या तुझ्या दीड खोलीत
कुकरसुद्धा नेपाळच्या वेळेनं चढायचा.

शिवाजीनगर कोर्टातून सुटले की मी तुझ्याकडे.
तू सांगायचीस, मी टाइप करायचे,
कार्बन घालून तीन प्रती.
शारजातल्या फुलमाया तामांगचा पासपोर्ट
मालकिणीच्या कपाटात होता सात वर्षं.
त्या कपाटावर आपण एकोणीस पत्रं लिहिली.
सियालकोटच्या शिक्षिकेचं पाकीट यायचं
फोडून पुन्हा चिकटवलेलं.
तू म्हणायचीस, बरंच झालं की,
वाचणाऱ्यालाही थोडा कायदा कळेल.

एकदा मी बोलले. बोलायला नको होतं.
जगाच्या बायका पुरे, म्हटलं,
आधी आपल्या गल्लीतल्या बघ.
तू उत्तर दिलं नाहीस. चपला घातल्यास,
मला पंचहौदाच्या मागं नेलंस,
तिसऱ्या जिन्यावर एक दार वाजवलंस.
आतल्या बाईनं तुला विचारलंसुद्धा नाही,
सरळ चहा टाकला,
आणि हाताची पट्टी सोडून दाखवली: सुकलंय आता.
परतताना तू फक्त म्हणालीस,
साखर जास्त घालते ती, नाही?

आणि तू स्वतः?
मिरजेच्या पुढं कधी गेली नाहीस.
दोनदा व्हिसा मागितलास, दोनदा नाकारला.
कारण लिहिलं होतं: अविवाहित,
परत येण्याची खात्री नाही.
तो कागद तू दळणाच्या डब्यावर चिकटवलास
आणि येईल त्याला वाचून दाखवत राहिलीस.

गोळीबार मैदानापाशी तुला ठेवलं
त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो.
पाळक, भाचा, त्याच्या ऑफिसातली दोघं,
ती जास्त साखरवाली, मुलीला घेऊन.
मला वाटलं होतं गर्दी होईल.
मग आठवलं, तुझी माणसं यायची
म्हणजे किती शिक्के लागले असते.

आता तुझा फोन माझ्याकडे वळवून घेतलाय.
माझं हिंदी तुला माहीत आहे,
भाजीवालाही हसतो.
काल रात्री वाजला. पलीकडे कुणी बोलेना,
नुसता नळाचा आवाज,
आपलं बोलणं घरात ऐकू जाऊ नये म्हणून
मुद्दाम सोडलेल्या नळाचा.
तू असतीस तर काय म्हणाली असतीस?
सुचेना. उशाशी घड्याळ होतं,
वाजले होते सव्वादोन, म्हणजे दोन,
म्हणजे तिच्याकडे कोण जाणे किती.
मी म्हटलं, बोल.
मी म्हटलं, नळ चालू राहू दे, मला ऐकू येतंय.